पालींच्या इतक्या प्रजाती खरंच वेगळ्या असतात का?

कातळफूल

आमचं घर रत्नागिरीजवळ. संध्याकाळी पडवीतला दिवा लागला की पाली जमायला लागतात आणि त्या एकसारख्या नसतात, हे मी गेली बरीच वर्षं बघतेय. एक फिकट, अंगाने सडपातळ, तिचं चुकचुकणं माजघरापर्यंत ऐकू येतं. दुसरी करडी, ठिपक्यांची, पाठीवर दाणे दाणे असलेली. ती भिंतीवर कमी आणि जोत्याच्या दगडांत जास्त. तिसरी मागच्या आंब्याच्या खोडावर. ती हलली तरच दिसते, नाहीतर नजर चुकवून जाते.

दुसरीकडे वर्तमानपत्रात सारख्या बातम्या असतात, पालीची नवी प्रजाती सापडली म्हणून. कधी आंबोली, कधी कोल्हापूर, कधी थेट तमिळनाडू. फोटो बघावा तर आपल्या भिंतीवरचीच वाटते. म्हणून विचारते: या प्रजाती खरंच वेगळ्या आहेत, की एकाच पालीचे बारीक तुकडे पाडणं चाललंय? आणि वेगळ्या असतील तर ते ठरवतात कशावरून? जाणकारांनी सविस्तर लिहा, घाई नाही.

तिरफळ

वाचतेय. पाल दिसली की मी खोलीबाहेर, पण धागा सोडणार नाही.

चिंतोपंत

प्रश्न योग्य विचारलात. मी आयुष्यभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. आमच्या वेळी 'भिंतीवरची पाल' एवढंच होतं आणि कुणाचं काही अडत नव्हतं. आता दोन ठिपके कमी-जास्त झाले की नवी प्रजाती. उंची, रंग, नाकाची ठेवण माणसांतही वेगळी असते, म्हणून आपण माणसाच्या पन्नास प्रजाती करत नाही. माझं मत: यातलं निम्मं तरी शोधनिबंधांची संख्या वाढवणं आहे.

निशाचर

कातळफूल ताई, आधी तुमच्या पडवीचं बघू.

चुकचुकणारी फिकट पाल म्हणजे जवळजवळ नक्कीच हेमिडॅक्टिलस फ्रिनॅटस (पहिला शब्द गटाचा, दुसरा प्रजातीचा). मूळ शेपटी शाबूत असेल तर तिच्यावर काटेरी खवल्यांची कडी दिसतील. जोत्यातली दाणेदार पाल 'ब्रूकी' गटातली. पाठीवर कंगोरेदार दाण्यांच्या ओळी ही त्या गटाची खूण. खोडावरची बहुधा हेमिडॅक्टिलस लेशनॉल्टी. तिच्या पाठीवर नागमोडी गडद पट्टे असतात आणि आंबा, चिंच, वड यांच्या सालीत ती विरून जाते. पुण्या-मुंबईकडच्या सभासदांच्या घरात यांच्या जोडीला आणखी एक थोराड पाल असते, गुळगुळीत पाठीची आणि पिवळसर पोटाची. ती हेमिडॅक्टिलस फ्लॅविव्हिरिडिस.

खात्री करायची असेल तर नराला काचेवर बसलेला असताना खालून बघा. मांड्यांच्या आतल्या बाजूला बारीक छिद्रांची ओळ असते. फ्रिनॅटसच्या नरात ती एका मांडीपासून दुसऱ्या मांडीपर्यंत सलग जाते. फ्लॅविव्हिरिडिसमध्ये प्रत्येक मांडीवर पाच-सात छिद्रं आणि मध्ये मोठी मोकळी जागा. मादीत ही छिद्रं नसतात. पालीचा अभ्यास करणारा माणूस रंगाकडे सगळ्यात शेवटी बघतो, कारण एकच पाल दिवसा गडद आणि रात्री फिकी होते.

चिंतोपंत सर, तुमच्या मुद्द्यावर सवडीने लिहितो. तो महत्त्वाचा आहे.

गावठीचहा

पंचांगात पल्लीपतनाचं फळ दिलेलं असतं. डोक्यावर पडली तर काय, खांद्यावर पडली तर काय. पण कुठल्या प्रजातीची पडली ते कुणी विचारतच नाही! निशाचर, पुढच्या आवृत्तीत छिद्रांचा रकाना घालायला सांगा.

तिरफळ

पडलेल्या पालीला उलटं करून छिद्रं मोजणारा माणूस मला बघायचाय :)

ब्रिस्बेनकर

फ्रिनॅटसवरून सांगतो. इथे ब्रिस्बेनला पहिल्यांदा राहायला आलो तेव्हा रात्री स्वयंपाकघरात 'चक चक चक' ऐकू आलं आणि जीव सुखावला. नंतर शेजाऱ्यांकडून कळलं की ही पाल इथली नव्हेच. जहाजांतून, मालाच्या पेट्यांतून आशियातून आलेली. इथल्या मूळच्या पालींना ती दिव्याजवळच्या जागेवरून हुसकावते. इथल्या गेहायरा पाली आता आमच्याकडे मागच्या कुंपणाच्या फळ्यांमध्ये दिसतात, दिव्याखाली मात्र आपली मंडळी.

पॅसिफिक बेटांवरही हेच घडलंय. तिथे लेपिडोडॅक्टिलस लुगुब्रिस नावाची पाल आहे, जिच्यात जवळजवळ सगळ्या माद्याच असतात आणि नराशिवाय अंडी घालतात. फ्रिनॅटस पोहोचली की वस्तीतून ती मागे हटते. म्हणजे प्रजाती ओळखता येणं हा नुसता हौसेचा भाग नाही. 'पाल ती पाल' म्हणून बसलो तर कोण आलं आणि कोण गेलं हे कळणारच नाही.

मांडवीकाठ

ब्रिस्बेनकर, ऑस्ट्रेलियात बिनपायाच्या पाली असतात म्हणे. खरं का?

ब्रिस्बेनकर

अगदी खरं. पायगोपोडिडी कुळ. पुढचे पाय नाहीतच, मागच्या पायांच्या जागी एक चपटा खवलेदार झडपा उरलाय. लोक सर्रास साप समजून मारतात. पण पापणी नाही, जिभेने डोळा पुसतात, घशातून आवाज काढतात, सगळी लक्षणं पालीची. त्यांच्यातली बर्टनची लायलिस तर चक्क सापसुरळ्या गिळते. डीएनएवरून बघितलं तर ऑस्ट्रेलियातल्याच पाय असलेल्या पालींची ती जवळची नातेवाईक आहे.

निशाचर

आता सवड मिळाली. लांबण लागेल, पण एकदा सगळं मांडतो.

जगात पालींच्या दोन हजारांहून जास्त प्रजाती आहेत आणि सध्या त्या सात कुळांत विभागल्या जातात. आपल्या घरातल्या सगळ्या गेकोनिडी या सगळ्यात मोठ्या कुळातल्या. डिप्लोडॅक्टिलिडी, कार्फोडॅक्टिलिडी आणि बिनपायांची पायगोपोडिडी ही तीन कुळं ऑस्ट्रेलियाच्या बाजूची. स्फेरोडॅक्टिलिडी आणि फायलोडॅक्टिलिडी ही अमेरिका, आफ्रिका आणि पश्चिम आशियाकडची. यातलं फायलोडॅक्टिलिडी हे कुळ तर २००८ साली डीएनएच्या आधारे वेगळं काढलं गेलं. अटलांटिकच्या दोन्ही काठांवरच्या पाली एकमेकींच्या इतक्या जवळच्या असतील, असं नुसत्या बोटांवरून कुणाला वाटलं नव्हतं. सातवं युब्लेफॅरिडी, म्हणजे पापण्या असलेल्या पाली. भारतात यांपैकी दोनच कुळं आहेत, गेकोनिडी आणि युब्लेफॅरिडी.

वर्गीकरण कशावरून करायचं याचं उत्तर दर काही दशकांनी बदलत आलंय. जुन्या काळी बोटांच्या गादीवरून करत. मग १९५४ साली अंडरवुड यांनी डोळ्याच्या बाहुलीच्या आकारावर भर दिला. पुढे क्लूग यांनी हाडांकडे लक्ष वेधलं. बोटांचा घोळ असा की चिकटणारी गादी पालींमध्ये एकदाच तयार झालेली नाही. ती अनेकदा स्वतंत्रपणे आली आणि अनेकदा गेलीही. २०१२ सालच्या एका अभ्यासात अकरा वेळा मिळाली आणि नऊ वेळा गमावली असा हिशेब निघाला. वाळूत किंवा जमिनीवर राहायला लागलं की गादीचा उपयोग संपतो. त्यामुळे सारखी बोटं दिसली की बहिणी, हे गणित चुकतं.

त्यामानाने अंडं जास्त खरं बोलतं. गेकोनिडी, स्फेरोडॅक्टिलिडी आणि फायलोडॅक्टिलिडी या तीन कुळांत अंड्याला कडक कवच असतं. बाकीच्यांत ते चामड्यासारखं मऊ. कडक अंडं सुकत नाही, सालीला किंवा ओंडक्याला चिकटून राहतं, समुद्रावर तरंगत दूरच्या बेटावर जाऊ शकतं. या तीन कुळांनी जग व्यापलं त्यात या कवचाचा वाटा मोठा आहे. आणि न्यूझीलंडच्या पाली तर अंडी घालतच नाहीत, थेट पिल्लांना जन्म देतात.

तिरफळ

पापण्या असलेल्या पाली?! म्हणजे बाकीच्यांना नसतात?

रानजाई

नसतात. बाकीच्यांच्या डोळ्यावर मनगटी घड्याळाच्या काचेसारखं पारदर्शक आवरण असतं, म्हणून त्या जिभेने ते पुसतात. युब्लेफॅरिडीवाल्या डोळे मिटतात.

आपल्या महाराष्ट्रात त्यातली युब्लेफॅरिस फस्कस आहे. वीतभराहून मोठी, पिवळसर अंगावर गडद ठिपके, जाडजूड शेपूट. शेपटीत चरबी साठवते. बोटांना गादी नाही, त्यामुळे भिंतीवर चढत नाही, जमिनीवर पोट उचलून सावकाश चालते. खानदेशात मी ती रात्री रस्ता ओलांडताना पाहिली आहे. गावात लोक तिला भयंकर विषारी समजतात आणि दिसताक्षणी ठेचतात. ती बिचारी रातकिडे आणि विंचू खाते. सातपुड्यातली तिची बहीण, युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस, २०१४ साली वेगळी प्रजाती म्हणून नोंदवली गेली. या कुळात आणखी एक नवल आहे. बिबट्या पालीत पिल्लू नर होणार की मादी हे अंडं किती तापमानाला उबतं त्यावर ठरतं.

गावठीचहा

दुधात पाल पडली की विषबाधा होते, त्याचं काय मग?

निशाचर

आपल्याकडच्या एकाही पालीला विष नाही, आणि जगातल्याही नाही. पण त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, त्याने पोट बिघडतं. तेव्हा दूध फेका, पालीला विषारी ठरवू नका.

मांडवीकाठ

भिंतीला चिकटतात त्यावर कुणीतरी लिहा. लहानपणी आम्हाला सांगायचे की पायाला डिंक असतो.

टेस्टट्यूब

माझा प्रांत. डिंक नाही, शोषणही नाही. बोटाच्या गादीवर आडव्या पट्ट्या, त्या पट्ट्यांवर सूक्ष्म केस. 'टोके' नावाच्या मोठ्या पालीच्या एका पायावर असे सुमारे पाच लाख केस असतात आणि प्रत्येकाच्या टोकाला शेकडो चपटी अग्रं. ती पृष्ठभागाच्या इतकी जवळ जातात की रेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण काम करू लागतं. २००० आणि २००२ साली ऑटम आणि सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं. सुटताना पाल बोटं टोकाकडून वर गुंडाळते, केसाचा कोन बदलतो आणि पकड सुटते. पूर्ण कोरड्या टेफ्लॉनवर मात्र तिची डाळ शिजत नाही.

याच टोके पालीच्या मागे एक वाईट प्रकरण लागलं. तिच्यापासून एड्सवर औषध होतं अशी खोटी अफवा पसरली आणि ईशान्य भारतातून, आग्नेय आशियातून तिची बेसुमार तस्करी झाली. २०१९ साली तिचा साइटिस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात समावेश झाला. औषधाला काहीही आधार नाही.

चिंतोपंत

माहिती उत्तम, पण माझा आक्षेप जागेवरच आहे. कुळं वेगळी हे मान्य, अंड्याचं कवच म्हणजे ठोस गोष्ट. मी विचारतोय ते खालच्या पातळीबद्दल. डीएनएत अमुक टक्के फरक म्हणून नवी प्रजाती, ही रेषा कोणी आखली? आणि ती आखणाऱ्यालाच नवीन नाव देण्याचा मान मिळतो.

निशाचर

सर, हा खरा प्रश्न आहे. नुसत्या टक्क्यांवर प्रजाती केली तर मीही विरोध करेन. चांगल्या कामात तीन गोष्टी एकत्र बघतात. शरीर, म्हणजे छिद्रं, दाण्यांच्या ओळी, बोटांखालच्या पट्ट्या. डीएनए. आणि भूगोल. दोन प्रकार एकाच डोंगरावर शेजारी राहतात आणि तरी त्यांच्यात सरमिसळ नाही, याहून मोठा पुरावा नाही.

ब्रूकीचंच घ्या. ग्रे यांनी १८४५ साली बोर्निओच्या नमुन्यावरून हे नाव दिलं. पुढे भारतभरची प्रत्येक दाणेदार पाल त्याच नावाखाली गेली. २०१६ साली लाजमी, गिरी आणि करंथ यांनी डीएनए आणि शरीर दोन्ही तपासून दाखवलं की हा अनेक प्रजातींचा गठ्ठा आहे. त्यातल्या कित्येकांना एकोणिसाव्या शतकातच नावं दिलेली होती, मधल्या काळात ती पुसून टाकली होती. म्हणजे इथे नवं नाव देण्याचा मान कमी, जुनं नाव परत देण्याचं काम जास्त.

आणि संशोधक फक्त फोडतात असंही नाही. टेराटोलेपिस ही प्रजातींच्या एका गटाची वेगळी पेटी होती, १८६९ पासूनची. २००८ साली बावर, गिरी आणि सहकाऱ्यांनी डीएनएवरून दाखवलं की ती हेमिडॅक्टिलसच्याच आतली आहे, आणि ती पेटी बंद केली. ड्रॅव्हिडोगेको ही दुसरी पेटी तशीच हेमिडॅक्टिलसमध्ये मिसळली गेली. पण २०१९ साली जास्त नमुने हाती आल्यावर ती पुन्हा स्वतंत्र ठरली, आणि जिथे १८७५ पासून एकच प्रजाती माहीत होती तिथे सहा नव्या निघाल्या. पुरावा जिकडे नेईल तिकडे जातात, सर. कधी जोडतात, कधी तोडतात.

रानजाई

निशाचरांना जोड देते. सह्याद्रीत इतक्या प्रजाती का, हे एकदा डोंगरात फिरलं की पटतं. निमॅस्पिस हा गट घ्या. दोन पेरांएवढी पाल, दिवसा हिंडणारी, गोल बाहुलीची, गादीऐवजी बारीक नखांची बोटं. ओलसर सावलीतल्या खडकाच्या फटी सोडत नाही. एका डोंगरावरून दुसऱ्यावर जायचं तर मधला उघडा, तापलेला माळ तिला ओलांडता येत नाही. लाखो वर्षं असं अडकून राहिलं तर प्रत्येक डोंगराची वेगळी होणारच. कोल्हापूरची कोल्हापूरेन्सिस २००९ मधली, कासची गिरीय २०१४ मधली, आंबोलीची फ्लॅव्हिव्हेंट्रॅलिस २०१६ मधली. २०२४ साली दक्षिण पश्चिम घाटातल्या एकीला चित्रकार व्हॅन गॉगचं नाव दिलं, पिवळं डोकं आणि अंगावर फिकट निळे ठिपके म्हणून.

आणि गंमत बघा, आफ्रिकेतल्या अगदी अशाच दिसणाऱ्या पालीही निमॅस्पिसच समजत होते. डीएनए म्हणाला नाही, सारख्या जागेत राहून सारख्या झाल्यात. २०२२ साली त्यांना अँसिलोडॅक्टिलस हे जुनं नाव परत मिळालं.

दुर्गभ्रमणी

शास्त्र मला फार कळत नाही, पण गडावरच्या लेण्यांत मुक्काम केलेल्यांनी ती दांडगी पाल पाहिलीच असेल. जुन्नर भागात टॉर्च मारला की छतावर डोळे चमकतात. आमच्यातले दोघे तर बाहेर थंडीत झोपले. ती कोणती?

निशाचर

सह्याद्रीतल्या लेण्यांत आणि किल्ल्यांवर बहुतेक वेळा हेमिडॅक्टिलस मॅक्युलॅटस. पण जुन्नर म्हणालात म्हणून सांगतो, घाटघरजवळून वरद गिरी यांनी २००८ साली हेमिडॅक्टिलस आरोनबावरी ही दुसरी मोठी खडकपाल नोंदवली. तोवर तिथून जाणारा प्रत्येकजण तिला मॅक्युलॅटसच समजत असणार. फोटो असेल तर टाका, पाठीवरचे दाणे बघून सांगता येईल.

मांडवीकाठ

मोठ्या पालीवरून आठवलं, जगातली सगळ्यात मोठी?

टेस्टट्यूब

जिवंतांत न्यू कॅलेडोनियाची रॅकोडॅक्टिलस लीचियानस. पण खरी राक्षसीण फ्रान्समधल्या मार्सेच्या संग्रहालयात सापडली. पेंढा भरलेला एकुलता एक नमुना, कुठून आला याची नोंद नाही, नुसतं धड ३७ सेंटीमीटर. १९८६ साली बावर आणि रसेल यांनी तिचं वर्णन केलं आणि ती न्यूझीलंडची असावी असं मानलं गेलं. २०२३ साली तिच्या हाडातून डीएनए काढता आला. निघाली न्यू कॅलेडोनियाची, आणि गायगार्केनम हे नवं नाव तिला मिळालं. जिवंत कधी कुणा शास्त्रज्ञाने पाहिली नाही. दुसरं टोक म्हणजे कॅरिबियनमधली स्फेरोडॅक्टिलस अरियासे, धड जेमतेम १६ मिलिमीटर.

चिंतोपंत

टेराटोलेपिस आणि ड्रॅव्हिडोगेकोची उदाहरणं पटली. तपासून जोडणंही होतं हे महत्त्वाचं. एक-दोन नमुन्यांवर नवी प्रजाती जाहीर करण्याला मात्र माझा विरोध राहील. नमुने कमी असतील तर थांबावं.

निशाचर

त्यात आपलं दोघांचं एकमत आहे, सर.

कातळफूल

सगळ्यांचे मनापासून आभार. काल खिडकीच्या काचेवर फिकट पाल बसली होती, बाहेरून बघितलं. छिद्रांची ओळ सलग. फ्रिनॅटसच, आणि नर. दुधाचं सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या म्हणाल्या फेकायचंच ना, मग मी काय वेगळं सांगत होते.

पण एक सांगायचं राहिलं. आमच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, सुट्या दगडाखाली मला एक छोटी पाल दिसली होती. जाड शेपूट, अंगावर पांढरे आडवे पट्टे, पळण्याऐवजी गप्प बसून राहिली. भिंतीवरच्या कुठल्याच पालीसारखी नव्हती. ती कोण?

निशाचर

ताई, तुमच्या वर्णनावरून ती हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस वाटते. टेराटोलेपिसची पेटी बंद झाली म्हटलं ना, त्या पेटीतलीच ही. ग्रँडिसन आणि सोमण यांनी १९६३ साली रत्नागिरी जिल्ह्यातूनच तिचं वर्णन केलं. कोकणच्या सड्यांपलीकडे ती जगात कुठे नाही. साताऱ्याला चाळकेवाडीच्या पठारावर तिच्या जवळची हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस आहे, २००८ सालची. दोघी जमिनीवरच्या, दोघींचं आयुष्य सुट्या दगडांखाली.

सड्यावर चिरेखाण निघाली किंवा सुरुंग लावून आंब्याची कलमं लावली की दगड जातात आणि पालही जाते. आणि सरकारी कागदात सडा म्हणजे पडीक जमीन. तिथे जगात दुसरीकडे नसलेली एक प्रजाती राहते हे सांगता येतं ते कुणीतरी ती वेगळी ओळखून नाव दिलं म्हणून. तुमच्या मूळ प्रश्नाला माझं उत्तर हे आहे.

कातळफूल

आमच्या शेजारच्या सड्यावर खाणीची मोजणी झालीय. फोटो काढला तर नोंद कुठे करू?

रानजाई

फोटो आणि तारीख निरीक्षणं नोंदवायच्या आयनॅचरलिस्टवर टाका, नेमकी जागा लपवायचा पर्याय निवडा, नाहीतर पाळीव प्राण्यांच्या चोरट्या बाजारातले लोक पोहोचतात. गावाच्या जैवविविधता नोंदवहीतही लिहून घ्यायला लावा, ग्रामपंचायतीकडे समिती असते. पाल हातात धरू नका, शेपूट तुटते. आणि उचललेला दगड होता तसाच, त्याच खळग्यात परत ठेवा. खाली अंडी असू शकतात. पुढच्या महिन्यात मी राजापूरकडे येतेय, सड्यावर जाऊया का?